रंग न लागलेली विमानं

नांदेडचं घर आवरताना माळ्यावरची पत्र्याची पेटी मी खाली काढली, आणि झाकण उघडायच्या आधीच आत काय आहे ते मला कळलं. फटीतून वास आला. टर्पेंटाइनचा, वाळून गेलेल्या ऑइलपेंटचा, आणि त्याच्याखाली गोडसर, डोक्यात चढणारा प्लास्टिक चिकटवायच्या सोल्युशनचा. इतकी वर्षं कोंडून राहूनही तो वास विटला नव्हता. दुसरं कुणी असतं तर डोळे मिटून त्याने तो ओढून घेतला असता. मी झाकण घट्ट दाबून धरलं आणि आधी आई कुठे आहे ते पाहिलं.

ती स्वयंपाकघरात होती. बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी कान दिला. कागदाची चुरचुर येत होती, बरणीला बरणी लागल्याचा आवाज येत होता, आणि त्यांच्यामधून तिचा श्वास. मोकळा, शिटी नसलेला. मग मी पेटी उचलून मागच्या अंगणात नेली.

"काय सापडलं गं माय?" तिने आतूनच विचारलं.

"काही नाही. बाबांचं सामान आहे."

"रंगाच्या डब्या असतील," ती म्हणाली, आणि पुन्हा कागदाची चुरचुर सुरू झाली.

बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होते. उजवा हात मांडीवर, त्यावर डावा हात ठेवलेला. कंपवात झाल्यापासून ते असेच बसतात, झोपायला आलेलं मूल थोपटून धरावं तसे. आमची चाललेली घाई ते बघत होते. या घरातून त्यांना आणि आईला मी लातूरला माझ्याकडे नेत होते. दोघांनी हो म्हटलं होतं. पण त्या 'हो'मध्ये होकार किती आणि थकवा किती, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

बाबा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. आम्ही बरीच वर्षं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिलो, मग हे घर झालं. क्वार्टरमधल्या बाकीच्या माणसांना पत्ते, भजन, क्रिकेट असं काही ना काही होतं. बाबांना विमानं होती. एकदा आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते हैदराबादला गेले होते. तिथल्या एका दुकानाच्या काचेत त्यांनी एक खोका पाहिला. झाकणावर ढगांतून तिरकं झेपावणारं विमान, आणि आत करड्या प्लास्टिकच्या चौकटींना काडीकाडीने जोडलेले त्याचे सगळे अवयव. पंख, शेपटी, चाकं, नखाएवढा वैमानिक. ते घरी घेऊन आले तेव्हा आई म्हणाली होती, "लेकरासाठी खेळणं आणलं का?"

"खेळणं न्हाई," बाबा म्हणाले, "हे करायचं असतंय."

त्या दिवसापासून आमच्या घरात आणखी एक पंचांग सुरू झालं.

उन्हाळ्यात बाबा चिकटवायच्या कामाला हात लावत नसत. नांदेडच्या उन्हात सोल्युशन ब्रशवरच वाळून जायचं. तेव्हा फक्त धुणं व्हायचं. चौकटींवर कारखान्यातलं तेल असतं, ते निघालं नाही तर पुढे रंग धरत नाही, म्हणून बाबा त्या साबणाच्या पाण्यात बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून, चिमटे लावून दोरीवर वाळत घालायचे. बाबांचं बनियन, माझा शाळेचा फ्रॉक, आणि मधे विमानाचे दोन पंख. शेजारच्या गुरमीत काकू कुंपणापलीकडून हसायच्या. त्यांच्या घरी मागच्या कितीतरी पिढ्या नांदेडच्याच, त्यामुळे मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात. "भाऊजी, आज विमान धुवायला काढलं का? इस्त्री बी करणार?" बाबा लाजायचे. पण चिमटा सरळ करून मगच आत यायचे.

पावसाळ्यात जोडणी. बाहेर गोदावरी फुगलेली असायची, पुलावर पाणी बघायला माणसं जमायची, आणि आमच्या घरात नेलकटरचा टिक-टिक आवाज. बाबा नेलकटरने एकेक भाग चौकटीवरून खुडायचे. शेंग खुडावी तसं, देठाला जरा जागा ठेवून. मग दाढीच्या पात्याने तो देठ तासायचा आणि पॉलिश पेपरने घासायचा. घासायचं काम माझ्याकडे होतं. पॉलिश पेपर ओला करून बोटाच्या टोकाने गोल गोल. पांढुरकं दूध यायचं, बोटांना प्लास्टिकचा थंड वास राहायचा. दोन अर्ध्या भागांमधली शिवण हाताला लागेनाशी झाली की बाबा डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "गेली." ती शिवण गेल्यावर व्हायचा तेवढा आनंद मला परीक्षेच्या निकालानेही नंतर कधी झाला नाही.

आणि रंग मात्र दिवाळी झाल्यावर, थंडीत. ऊन कोवळं असायचं, हवा कोरडी, धूळ कमी. पण रंगाच्या दिवसांत एक अडचण होती. आईला दमा होता.

तो कधी सुरू झाला, कशाने, ते मला माहीत नाही. मला आठवतं तेव्हापासून तो होताच, घरातल्या एखाद्या माणसासारखा. तो कधी उठेल, कधी बसेल, याचा अंदाज घेत आम्ही राहायचो. फोडणी दिली की मी आईकडे बघायचे. झाडू मारला की बघायचे. कापसाच्या हंगामात जिनिंगकडून वारा आला की खिडकी लावून घ्यायचे. शाळेतून घरी येताना फाटकाशीच मी थांबायचे आणि कानोसा घ्यायचे. आतून भांड्यांचा आवाज आला तर पाय आपोआप हलके व्हायचे. आवाज आला नाही तर पायरी चढायला जीव व्हायचा नाही. मैत्रिणींच्या आया रागावतात, मारतात, लाड करतात, हे मी ऐकायचे. माझी आई श्वास घेते की नाही, एवढंच मला बघायचं असायचं.

म्हणून रंगाचे दिवस ठरलेले असत. आदल्या रात्री जेवताना बाबा म्हणायचे, "उद्या जरा डब्या उघडतो." आई म्हणायची, "उघडा की. मला गुरमीतकडं वाती करायच्याच हायत." वाती करायच्या नसायच्या, सगळ्यांना माहीत असायचं. दुपारी आई शेजारी जायची, दारं-खिडक्या लावल्या जायच्या, आणि बाबा मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीवर पाट टाकून बसायचे. टूथपेस्टच्या टोपणांमध्ये थेंब थेंब रंग. पंखांना मातकट हिरवा, पोटाला फिका. बाबा नवाच ब्रश घ्यायचे, त्याचे दोन-चार केस कापून अजून बारीक करायचे. मी पेन्सिलीच्या टोकावर खोचलेलं विमान धरून उभी. बाबांचा हात तेव्हा असा होता की वैमानिकाच्या टोपीला पट्टा काढायचे आणि तो पट्टा सरळ यायचा. मला ते बघायचं असायचं, आणि त्याच वेळी माझं अर्धं लक्ष वाऱ्याकडे असायचं. वारा कुठून येतोय? गुरमीत काकूंकडे तर जात नाही ना? तो वास मला फार आवडायचा. आवडला की भीती वाटायची.

तो दिवस संक्रांतीच्या आसपासचा. टाकीवर पाट होता, विमान माझ्या हातात होतं, पोटाचा रंग चालू होता. गुरमीत काकूंना अचानक गुरुद्वाऱ्यात सेवेला जावं लागलं, म्हणून आई लवकर परत आली. पुढच्या दाराने आत आली, आणि आमचं काम थांबायला नको म्हणून तिने हाकही मारली नाही. मी तो आवाज बाबांच्या आधी ऐकला. दाराच्या फटीतून वारा यावा तशी बारीक शिटी.

"बाबा, आई!"

बाबा धावले. आई उंबऱ्याशी बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, तोंड उघडं. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण बोलण्याइतकी हवा नव्हती. तिने फक्त मान हलवली, म्हणजे घाबरू नका. त्या मान हलवण्याने मी जितकी घाबरले तितकी आयुष्यात कशानेच घाबरले नाही.

बाबांनी तिला उचलून रिक्षात बसवलं. मी पुढे ड्रायव्हरजवळ. मला मागे वळून बघायचं नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. बाबांचे हात हिरवे होते. तिच्या पाठीवर, दंडावर, पातळावर हिरवी बोटं उमटली होती. रिक्षावाला एकसारखा हॉर्न दाबत होता आणि म्हणत होता, "होता, होता, अब्बी पोचते भाभी, अब्बी पोचते."

दवाखान्यात तिच्या तोंडाला मास्क लावला. त्यातून वाफ येत होती, यंत्र घरघरत होतं. बाबा भिंतीशी उभे होते, हात पाठीमागे लपवून. एक नर्स आली, त्यांच्या हातांकडे बघून म्हणाली, "पेंटर हाव का मामा?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "हाव," ते म्हणाले.

मला तेव्हा कळलं नाही ते असं का म्हणाले. आताही पुरतं कळलेलं नाही. एवढंच आठवतं की ते म्हणताना त्यांचा आवाज एखाद्या परक्या माणसाचा होता.

डॉक्टर म्हणाले, थंडीने होऊ शकतं, धुळीने होऊ शकतं, वासाने होऊ शकतं, सांगता येत नाही. दोन-चार दिवसांनी आई घरी आली. घरी आल्यावर तिने सगळ्यात आधी मागचं अंगण पाहिलं. टाकीवर काहीच नव्हतं. डब्या, ब्रश, टोपणं, सगळं पेटीत गेलं होतं आणि पेटी माळ्यावर.

"मी काई म्हणलं का तुम्हाला?" आई म्हणाली.

"न्हाई."

"मग?"

"रंगाशिवाय बी चांगली दिसतेत," बाबा म्हणाले.

त्यानंतर ते विमानं करत राहिले, पण रंगवली एकही नाही. सोल्युशनचं थोडंसं कामही ते गल्लीच्या टोकाला, लिंबाखाली बसून करायचे. फळीवर एकामागून एक करडी विमानं येऊन बसू लागली. गिलावा न झालेल्या घरांसारखी. पाहुणे विचारायचे, "यांना रंग न्हाई दिला?" बाबा म्हणायचे, "देऊ की." आई उठून चहा टाकायला जायची. घरात या विषयावर कधी आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. जे बोललं जात नव्हतं ते फळीवर ओळीने उभं होतं, आणि आई रोज सकाळी मऊ फडक्याने ते पुसत होती. नाकाला पदर लावून.

मी शिकायला लातूरला आले आणि तिथेच कॉलेजात नोकरीला लागले. रोज फोन करायचे. आई सांगायची, भाजी काय केली, कुणाचं लग्न ठरलं, गुरमीत काकूंचा गुडघा. ती काय बोलते ते मी अर्धंच ऐकायचे. दोन शब्दांच्या मधे काय आहे ते ऐकायचे. वाक्य एका दमात पूर्ण झालं की मग "बरं, अजून काय?" म्हणायचे. बाबांचा हात कापतो हे मात्र फोनवर ऐकू आलं नाही. ते मला एका सुट्टीत दिसलं. कपबशी त्यांच्या हातात किणकिणायला लागली आणि आईने बशी काढून घेतली, नुसता कप दिला. म्हणजे हे तिच्यासाठी जुनं झालं होतं.

शेवटचं विमान त्यांनी अर्धवट ठेवलं. चाकाची दांडी भोकात बसेना. मी बघत होते. दांडी भोकाच्या इकडे लागायची, तिकडे लागायची, भोकात नाही. त्यांनी ती पुन्हा खोक्यात ठेवली, झाकण लावलं, आणि झाकणावरचं चित्र बराच वेळ बघत बसले.

सोयाबीनचा हंगाम संपेपर्यंत मी त्यांना लातूरला आणलं नाही. मोंढ्यातली धूळ, डाळ मिलचं फोलपट, सगळं हवेत असतं तेव्हा. मग एकदाची गाडी ठरवली. सामान टेम्पोत गेलं. विमानं कापसात ठेवून खोक्यांतून आमच्याबरोबर. सगळ्यात मोठं बाबांनी खोक्यात ठेवू दिलं नाही. ते मांडीवर घेऊन बसले. लोहा गेलं, अहमदपूर आलं. रस्त्याचं काम चालू होतं, गाडी गचके खात होती, पुढे कापूस भरलेला ट्रक, त्यातून पांढरे तुकडे उडत होते. मी ड्रायव्हरला काच वर घ्यायला सांगत होते, मग आईला गुदमरेल म्हणून खाली घ्यायला सांगत होते, पुन्हा वर. "ताई, एक काय ते सांगा," तो शेवटी म्हणाला. आणि बाबांच्या मांडीवर त्यांच्या हाताच्या थरथरीने विमानाचा पुढचा पंखा हळूहळू फिरत होता. गाडी थांबली तरी फिरत होता. आईने ते बघितलं, मीही बघितलं. चाकूरच्या आधी एका गचक्यात शेपटीचा तुकडा निसटून पडला. बाबांनी तो वाकून शोधला, खिशात ठेवला. "जाऊ दे, चिकटतंय," ते म्हणाले.

लातूरच्या डॉक्टरांनी बाबांना गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हाताला काम ठेवा. काम कसलं ठेवणार? ते गॅलरीत बसायचे. आई गहू निवडायची, डाळ निवडायची, माझ्या घरात तिला हवं ते भांडं सापडायचं नाही. विमानं भिंतीवरच्या फळीवर लागली, तशीच करडी. संध्याकाळी मी कॉलेजातून यायचे आणि जिन्यात थांबून कानोसा घ्यायचे, लहानपणी घ्यायचे तसाच.

आता पाण्याचे रंग मिळतात, प्लास्टिकवर बसणारे. मी मागवले. ते आले त्या दिवशी आई शेजाऱ्यांबरोबर देवळात गेली होती. मी एक बाटली उघडली, नाकाला लावली. ओल्या खडूसारखं काहीतरी. मनगटावर थोडा लावून पाहिला. मग बाटली उघडी ठेवून, खिडक्या बंद करून त्याच खोलीत बसून राहिले. माझ्या छातीला काही होतंय का ते बघत. मला दमा नाही, त्यामुळे त्याचा काहीच उपयोग नव्हता, तरी बसले.

रविवारी दुपारी ते टेबलावर मांडले. आईला आत झोपायला सांगितलं. ती आली आणि टेबलापासून थोड्या अंतरावर सुपात डाळ निवडत बसली. बाबांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "पाण्याचा रंग? प्लास्टिकला?"

"बघा तर."

त्यांनी ब्रश घेतला. एक छोटं विमान डाव्या हातात धरलं, तोही हात आता तितका खरा नव्हता. ब्रश पंखावर टेकला आणि घसरला. कडेवरून थेट वैमानिकाच्या काचेवर हिरवा ओरखडा. बाबांनी फडक्याने तो पुसला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, नीट खळबळून स्वच्छ केला, आणि वाटीच्या कडेला टेकवून ठेवला. "चांगला रंग हाय," ते म्हणाले. "वास न्हाई."

मला वाटलं, हे मी आणायलाच नको होतं.

सुपाचा आवाज थांबला. आई उठली, पदर खोचला, आणि बाबांच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. "सरका."

"काय?"

"सरका म्हणते. तुम्ही सांगा, मी लावते."

"तू?"

"मग काय, नांदेडहून गुरमीत येणार का?"

बाबा सरकले. आई बसली. तिने ब्रश हळदीकुंकवाची चिमूट धरावी तसा धरला. बाबांनी तो बोटांत नीट बसवून दिला, कापऱ्या हाताने. त्यांना वेळ लागला. तिने लागू दिला.

"कमी रंग घे. टोपणाच्या कडेला पूस. आता मुळाकडून टोकाकडं. आणि ओढताना श्वास धर, म्हणजे हात हलत न्हाई."

"मला धरता येत असता तर काय पाहिजे होतं," आई म्हणाली. "मी सोडत सोडत लावते."

आणि तिने लावलं. लांब, सावकाश सोडलेल्या श्वासाबरोबर ब्रश पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत गेला. हिरवी, ओली, सरळ रेघ. बाबा पुढे वाकून बघत होते. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. कितीतरी वर्षांनी त्यांच्यासमोर एका विमानाला रंग लागत होता, आणि तो लावणारीकडे बघू की पंखाकडे बघू असं त्यांना झालं होतं.

मी दाराशी उभी होते. आईच्या औषधाचा पंप माझ्या मुठीत होता. कधी घेतला ते आठवत नाही. श्वास आत गेला, मोजला. बाहेर आला, मोजला. आत शिटी आहे का? शेवटी थोडी घरघर आली का? पुन्हा एक. ते विमान मला दिसत नव्हतं, रंग दिसत नव्हता.

आईने ब्रश उचलला आणि मागे वळून न बघता म्हणाली, "तू जरा बाहेर जाऊन बस बरं."

"का? काय होतंय? त्रास होतोय का?"

"मला काई होत न्हाई. मघापासून तुझाच श्वास ऐकू यायलाय. माझा हात हलतो त्यानं."

बाबा हसले. मी गॅलरीत आले. पंप तिथल्या कट्ट्यावर ठेवला, पण हाताला लागेल असा. खाली रस्त्यावर क्लासला जाणारी पोरं दप्तरं घेऊन चालली होती. आतून आवाज येत होते. बाबा म्हणत होते पोटाला करडाच पाहिजे, खोक्यावर तसंच दिलंय. आई म्हणत होती, खालून बघणाऱ्याला आभाळच दिसायला पाहिजे, मी निळा देणार. बाबा म्हणाले, तसं नसतंय. आई म्हणाली, मग उठते मी. मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि माझा हात पंपाकडे गेला.

मग पाण्यात ब्रश खळबळल्याचा आवाज आला, आणि आईचा.

"वाळू द्या ते. तवर दुसरं काढा फळीवरचं."